‘दम’ एकच, अर्थ तीन: खेळांच्या मालिकेत नियमांच्या संज्ञा कशा सांभाळाव्यात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुमच्या तिघांच्या गटाचे दोन टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम (टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन फाशांनी खेळायचे कथाखेळ) मराठीत निघाले आहेत: पहिला घाटमाथ्यावरच्या किल्ल्यांचा, दुसरा कोकण किनाऱ्यावरच्या गलबतांचा. तिसरा, जुन्या मुंबईतल्या गूढकथांचा, लिहून होत आलाय. पहिल्यात ‘दम’ म्हणजे शरीराची ताकद, मार बसला की कमी होणारी. दुसऱ्यात ‘दम’ खर्चून फासे पुन्हा टाकता येतात. तिसऱ्यात भीतीपुढे टिकून राहण्यासाठी हाच शब्द घ्यायचा विचार आहे, कारण ‘दम ही आमच्या मालिकेची ओळख आहे’. खेळाडू गोंधळतात, म्हणून तिन्ही पुस्तकांतल्या संज्ञा सरसकट सारख्या कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

सरसकट नको. खरी अडचण तिन्ही पुस्तकांत वेगवेगळे शब्द आहेत ही नाहीच. शब्द तोच आणि त्यामागचा नियम वेगळा, ही अडचण आहे. हे दोन दोष दिसायला सारखे, पण त्यांची किंमत फार वेगळी. एकाच गोष्टीला पहिल्या पुस्तकात ‘जखम’ आणि दुसऱ्यात ‘घाव’ म्हटलं, तर वाचणारा क्षणभर अडखळतो, संज्ञासूची उघडतो आणि पुढे जातो. पण ‘दम’ वाचल्यावर तो अडखळतच नाही. त्याला वाटतं, हे तर मला येतं. मग तो जुना नियम बिनदिक्कत वापरतो आणि चूक झाल्याचं दोन तासांनी कळतं, किंवा कळतच नाही. म्हणून आधी एका शब्दाचे दोन अर्थ शोधून मोडायचे. एका अर्थाचे दोन शब्द सवडीने बघता येतात.

या क्षेत्रातलं सर्वांत जुनं उदाहरण डन्जन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाचं. त्यात ‘लेव्हल’ हा शब्द पात्राला, मंत्राला, राक्षसाला आणि तळघराच्या मजल्यालाही होता. त्या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७८ च्या प्लेअर्स हँडबुकमध्ये हे उघड मान्य केलं. पात्रासाठी रँक, मंत्रासाठी पॉवर आणि राक्षसासाठी ऑर्डर असे वेगळे शब्द घ्यायचा विचार होता, पण शब्द रुळलेला आहे म्हणून चारही ठिकाणी लेव्हलच ठेवला, असं त्यांनी लिहिलंय. तेव्हापासून प्रत्येक नव्या खेळाडूला ‘पाचव्या लेव्हलच्या पात्राला पाचव्या लेव्हलचा मंत्र का येत नाही’ हे समजावून सांगावं लागतं. त्याच घराण्यातल्या पाथफाइंडर या खेळाने २०२३ च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे नव्याने बेतलेल्या पुस्तकांत, मंत्रांची लेव्हल काढून तिथे रँक आणला. त्या फेरबदलामागे परवान्याची कारणंही होती, पण गाठ सुटली ती सुटलीच. तीही ४५ वर्षांनी, आणि गायगॅक्सनी पात्रांसाठी योजलेला शब्द मंत्रांच्या वाट्याला येऊन.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. पहिला प्रश्न: एकच टोळकं तुमचे तिन्ही खेळ खेळतं का? दुसरा: पहिल्या खेळातलं पात्र तिसऱ्यात नेता येतं, असं तुम्ही कुठे म्हटलंय का? पात्र नेता येत असेल तर कॅरेक्टर शीटवरचा (पात्राची माहिती आणि आकडे लिहायच्या कागदावरचा) प्रत्येक शब्द आणि प्रत्येक आकडा जुळला पाहिजे, त्यात सूट नाही. फक्त टोळकं तेच असेल तर सामायिक शब्दांचा अर्थ जुळला की पुरे. दोन्ही नसेल, म्हणजे तिन्ही खेळ एका नावाखाली विकले जातात एवढंच असेल, तर नव्या पुस्तकात काळजी घ्या आणि जुनी आहेत तशी राहू द्या. तुमचे खेळाडू गोंधळतायत म्हणजे टोळकं तेच आहे, असं धरून पुढे लिहितो.

शब्द तोच ठेवावा की बदलावा, हे ठरवताना मी चार गोष्टी विचारतो. ही राशी, म्हणजे शीटवरचा तो आकडा, मोजते काय? ती खर्च किंवा कमी कशाने होते? शून्यावर आली की काय होतं? परत कशी मिळते? पहिल्या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर बदललं तर नाव नवं. फक्त चौथं बदललं, म्हणजे पहिल्या खेळात रात्रभर झोपून सगळा दम परत येतो आणि तिसऱ्यात अर्धाच, तर नाव तेच ठेवायचं आणि बदल त्या प्रकरणाच्या पहिल्याच ओळीत ठळक सांगायचा. परत मिळण्याच्या वेगावरून खेळाचा बाज ठरतो, तो मालिकेत बदलणारच. शून्यावर काय होतं ते मात्र खेळाडूच्या अंगवळणी पडलेलं असतं.

आकड्याची दिशा उलटली तर तेही पहिल्या प्रश्नातच धरा. डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये आर्मर क्लास (पात्राला मार लागणं किती अवघड, त्याचा आकडा) २००० सालापर्यंत जितका कमी तितका चांगला होता. तिसऱ्या आवृत्तीत तो जितका जास्त तितका चांगला झाला. नाव तेच राहिलं. जुन्या साहसातला ४ नव्या नियमांत वापरायचा तर २० मधून वजा करून १६ करावा लागतो. हे ज्याला माहीत नाही त्याचा चिलखतातला सरदार कागदाचा होतो.

ही कसोटी तुमच्या ‘दम’ला लावू. पहिल्या खेळात: शरीराची ताकद, मार बसून कमी होते, शून्यावर पात्र बेशुद्ध, विश्रांतीने परत. दुसऱ्यात: मनाचा हट्ट, खेळाडू स्वतःहून खर्च करतो, शून्यावर काहीच होत नाही. तिसऱ्यात: भीतीपुढचा टिकाव, भयानक दृश्याने कमी होतो, शून्यावर पात्र पळ काढतं. एकही उत्तर जुळत नाही. हे तीन वेगळे नियम आहेत, त्यांना तीन नावं हवीत.

दम कुणाकडे राहू द्यायचा? पहिल्याकडे. तो आधी छापला गेला एवढंच कारण नाही. ‘दम लागणे’, ‘दम खाणे’ हे वाक्प्रचार शरीराकडेच बोट दाखवतात, आणि दम खाल्ल्यावर दम परत येतो हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. नियम भाषेला धरून असला की निम्मी आठवण फुकटात होते. तिसऱ्यासाठी ‘धीर’ घ्या. धीर सुटतो, खचतो, दुसऱ्याला देता येतो. एका पात्राने दुसऱ्याला धीर देण्याचा नियम हवा असेल तर त्याचं नावही तयारच आहे. शिवाय तिसऱ्या खेळातही मारामारी असणारच. तिथे शरीरासाठी दम आणि मनासाठी धीर, दोन्ही शेजारी बसतील. मालिकेची ओळख हवी होती ना, ती अशी टिकते.

दुसऱ्या खेळातला शब्द जास्त त्रास देईल, कारण पुस्तक छापून झालंय आणि पर्याय निसरडे आहेत. ‘जोर’ पहिल्यांदा सुचेल. पण तो खेळ समुद्रावरचा, पानोपानी ‘वाऱ्याचा जोर वाढला’ येणार. ‘हुरूप’ छान आहे, पण विभक्ती लागली की ऊकार ऱ्हस्व होतो: हुरूप, हुरुपाने. शोधताना दोन रूपं शोधावी लागतील. ‘उमेद’ मोजता येत नाही. ‘दोन उमेदी खर्च करा’ कोणी म्हणणार नाही, प्रत्येक वेळी ‘उमेदीचे दोन गुण’ लिहावं लागेल. मी ‘जिद्द’ घेईन. सगळ्या रूपांत ‘जिद्द’ एवढं मूळ तसंच राहतं आणि गलबतांच्या वर्णनात तो शब्द सहसा येत नाही. अट एकच: दम पुल्लिंगी, जिद्द स्त्रीलिंगी. फाइंड-रिप्लेस केलंत तर ‘तुमचा जिद्द संपला’ असं छापून येईल. प्रत्येक वाक्य हाताने बदलावं लागेल. आणि ‘दम’ शोधाल तेव्हा दमदार, दमून, कदम हे सगळे येतील. गलबतावर एखादा कदम खलाशी असेलच.

मराठीत नियम लिहिणाऱ्यांच्या अशा खास अडचणी इंग्रजी लेखनमार्गदर्शिकांत सापडत नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो. इंग्रजीत नियमाचा शब्द मोठ्या अक्षराने सुरू करता येतो. पाथफाइंडरची दुसरी आवृत्ती हेच करते. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत. ‘त्याचा धीर सुटला’ हे वर्णन आहे की धीर शून्य झाल्याचा नियम, हे नुसतं पाहून कळत नाही. उपाय दोन. एक, मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नियमाच्या शब्दांसाठी वेगळी कॅरेक्टर स्टाइल (अक्षरांची ठरवून ठेवलेली धाटणी) ठेवा, ठळक किंवा वेगळ्या रंगाची, आणि ती फक्त त्यासाठीच वापरा. जोर देण्यासाठी ठळक अक्षर वापरायची सवय त्या दिवसापासून बंद. दोन, सूचीतला शब्द सूचीबाहेरच्या अर्थाने नियमांच्या प्रकरणात वापरायचाच नाही. कथेच्या पानांवर धीर सुटू दे, नियमांच्या पानांवर तो फक्त आकडा.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. ‘हल्ला’ शोधलंत तर हल्ले आणि हल्ल्याने निसटतात. ‘हल्ल’ शोधलंत तर सगळे सापडतात, सोबत ‘हल्ली’ही येतं. ‘फासा’साठी दोन मुळं लागतात, कारण फासे पण फाशाने. ‘फेरी’चं अनेकवचन ‘फेऱ्या’ तर आणखी खोडकर. हा ‘ऱ्य’ संगणकावर दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारा जोडक. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. तिघांनी तीन कीबोर्डवर लिहिलं असेल तर तुमच्या फाइलमध्ये दोन्ही नक्की असतील. म्हणून सगळा मजकूर एकत्र झाला की पहिलं काम: एक तऱ्हा ठरवून दुसरी बदलून टाकणं. पॉइंट की पॉईंट, राउंड की राऊंड, हेही त्याच बैठकीत उरकून टाका.

तिसरी अडचण आपल्या शाळेने लावलेली. एका परिच्छेदात तोच शब्द पुन्हा आला की मास्तर लाल रेघ मारायचे. त्यामुळे चांगलं मराठी लिहिणारा माणूस नकळत पातळी, स्तर, टप्पा, श्रेणी आलटून पालटून लिहितो. नियमांत हे विष आहे. ‘पातळी’ पाच वेळा आली तर पाच वेळा येऊ दे. ‘स्तर’ दिसला की वाचणारा ही दुसरीच काही गोष्ट आहे असं धरणार, आणि ते बरोबरच आहे.

नामांपेक्षाही क्रियापदं जास्त घोटाळा करतात, आणि तिकडे कोणी बघत नाही. ‘खेळाडू फासे टाकू शकतो’ यात परवानगी आहे की क्षमता? ‘फासे टाकावेत’ ही सक्ती की सल्ला? इंटरनेटची तांत्रिक मानकं लिहिणाऱ्यांनी १९९७ साली मस्ट, शुड आणि मे यांचे अर्थ एका स्वतंत्र दस्तऐवजात बांधून टाकले, ते याच दुखण्यापायी. मराठीत मी असं बांधतो. सक्तीसाठी साधा वर्तमानकाळ: ‘खेळाडू दोन फासे टाकतो.’ मर्जीसाठी: ‘खेळाडूची इच्छा असेल तर तो दोन फासे टाकतो.’ मनाईसाठी: ‘खेळाडू फासे टाकत नाही.’ ‘शकतो’ फक्त पात्राच्या क्षमतेसाठी: ‘पात्र पोहू शकते.’ ‘-आवे’ फक्त गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, सल्ला देताना. यात आपसूक आणखी एक शिस्त येते. फासे खेळाडू टाकतो, पाण्यात पात्र पडतं. दोघांची सरमिसळ झाली की ‘तो बोलू शकत नाही’ याचा अर्थ टेबलावरचा मित्र गप्प बसला असा होतो.

‘पर्यंत’ हा शब्द तर नियमांतून हद्दपारच करा. ‘पुढच्या फेरीपर्यंत’ म्हणजे ती सुरू होईपर्यंत की संपेपर्यंत? ‘पुढची फेरी सुरू होताच परिणाम संपतो’ किंवा ‘पुढच्या फेरीच्या अखेरीस परिणाम संपतो’, यांपैकी एक लिहा. ‘तीनपर्यंत’ ऐवजी ‘तीन किंवा कमी’. अर्धं करताना अपूर्णांक वर जातो की खाली, हे पुस्तकाच्या सुरुवातीला एकदाच सांगा, आणि ते तिन्ही पुस्तकांत सारखं ठेवा. फेरी म्हणजे सगळ्यांचं एकेकदा खेळून होणं आणि पाळी म्हणजे एकाचं, हा फरकही तिथेच. ‘पाळी’वर टेबलावर हशा होतो म्हणून काही जण ‘चाल’ म्हणतात. चालेल, फक्त एका पाळीत एकाहून जास्त कृती करता येत असतील तर त्या कृतीलाही चाल म्हणू नका.

शब्दांची रचना बाहेरून किती फसवी ठरू शकते ते डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत दिसतं. तिथे ‘मेली वेपन अटॅक’ आणि ‘अटॅक विथ अ मेली वेपन’ यांचे अर्थ वेगळे होते (मेली म्हणजे हातघाईची लढाई). ठोसा पहिल्यात बसायचा, दुसऱ्यात नाही, कारण मूठ हे शस्त्र नव्हे. शब्द तेच, क्रम निराळा, नियम निराळा. मराठीत हे ‘शस्त्राचा वार’ आणि ‘शस्त्राने केलेला वार’ असं होईल, आणि तुमच्या संपादकालाही फरक दिसणार नाही. दोन संज्ञा नुसत्या क्रमाने किंवा प्रत्ययाने वेगळ्या होत असतील तर एकीचं नाव मुळातून बदला. याच खेळाने २०२४ च्या नियमपुस्तकात शेवटी वेगळा नियम-संज्ञाकोश दिला आणि नुसत्या ‘इन्स्पिरेशन’चं ‘हिरोइक इन्स्पिरेशन’ केलं. ‘बार्डिक इन्स्पिरेशन’ ही वेगळीच शक्ती शेजारी होती, तेव्हा ते बरंच झालं.

आता कोशाबद्दल. तुमच्या सूचीत शब्द आणि अर्थ एवढे दोनच रकाने आहेत असं तुम्ही लिहिलंय. ती वाचकाची सूची झाली. लिहिणाऱ्यांची वेगळी हवी, साध्या स्प्रेडशीटमध्ये. रकाने असे: संज्ञा, लिंग, अनेकवचन, सामान्यरूप, एका वाक्यात व्याख्या, वरच्या चार प्रश्नांची उत्तरं, कोणत्या पुस्तकात कोणत्या पानावर व्याख्या आहे, आणि ‘वापरू नये’. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. ‘पातळी’च्या ओळीत तिथे ‘स्तर, टप्पा, श्रेणी, लेव्हल’ लिहिलेलं असलं की मुद्रितशोधनाचं निम्मं काम ठरलं: हे चार शब्द शोधा आणि जिथे सापडतील तिथे थांबा. व्याख्या प्रत्येक पुस्तकात एकाच जागी असावी, बाकी सगळीकडे पानाचा हवाला. व्याख्या दोन ठिकाणी लिहिली की दुरुस्ती एकाच ठिकाणी होते. सूचीत बदल करण्याचा अधिकार तिघांपैकी एकालाच द्या. बाकीच्यांनी सुचवावं.

नवी ओळ घालण्याआधी तो शब्द खरंच लागतो का ते बघा. एखादी गोष्ट पुस्तकात दोनदाच येत असेल तर तिला संज्ञा करू नका, साध्या वाक्यात सांगा.

सारखेपणा कुठे आणायचा नाही, तेही सांगतो. व्हाइट वुल्फ या प्रकाशनसंस्थेने १९९१ ते १९९३ मध्ये व्हॅम्पायर, वेअरवुल्फ आणि मेज असे तीन खेळ काढले. दहा बाजूंचे फासे, नऊ गुणधर्म आणि विलपॉवर तिन्हींत सामायिक होते. पण शक्तींना व्हॅम्पायरमध्ये डिसिप्लिन, वेअरवुल्फमध्ये गिफ्ट, मेजमध्ये स्फिअर असं म्हणायचे, कारण त्या चालतातही वेगळ्या. ही विभागणी मला आदर्श वाटते: बैठक एक, वरचा मजला ज्याचा त्याचा. नेमका ठेच लागण्यासारखा शब्द पुढे आला. जुन्या वेअरवुल्फमध्ये ग्नोसिस ही खर्चायची आत्मिक ऊर्जा होती. २००५ च्या नव्या मेजमध्ये ग्नोसिस हे जादूगाराच्या सामर्थ्याचं माप झालं, आणि खर्चायला ‘माना’ नावाची वेगळी ऊर्जा आली. जुना खेळाडू ग्नोसिस खर्चायला गेला तर त्यात नवल नाही. खेळ चालवणाऱ्याचं नाव मात्र खुशाल बदला. कॉल ऑफ कथुल्हू या भयकथांच्या खेळात तो कीपर, व्हॅम्पायरमध्ये स्टोरीटेलर. तुमच्याकडे किल्लेदार, तांडेल आणि आणखी कोणी असला तरी कुणाचा नियम चुकत नाही, कारण त्या नावामागे आकडा नाही.

दुसऱ्या पुस्तकाचं काय करायचं? नवी आवृत्ती निघेपर्यंत एक पानाचं शुद्धिपत्र आणि नवी कॅरेक्टर शीट, दोन्ही फुकट द्या. शीट आधी, कारण टेबलावर पुस्तक क्वचित उघडतात, शीट सगळ्यांसमोर असते. शीटवर ‘जिद्द’ आणि खाली बारीक अक्षरात ‘पहिल्या छपाईत: दम’ एवढं पुरे. शुद्धिपत्रात नुसतं ‘दम ऐवजी जिद्द वाचावे’ लिहू नका. ज्या वाक्यांत लिंगामुळे रूप बदलतं ती पूर्ण वाक्यं पानांच्या क्रमांकांसह द्या. जुने नाव नव्या पुस्तकाच्या सूचीतही ठेवा, ‘पाहा: जिद्द’ अशा हवाल्यासह.

आणि छपाईला जाण्याआधी एक चाचणी. फक्त पहिला खेळ खेळलेला कोणीतरी शोधा. त्याच्या हातात तिसऱ्याची कॅरेक्टर शीट द्या, पुस्तक देऊ नका, आणि शीटवरच्या प्रत्येक शब्दाबद्दल ‘हे काय करत असेल’ असं विचारा. तुम्ही काही समजावू नका, फक्त लिहून घ्या. ‘माहीत नाही’ हे उत्तर चालतं, त्यासाठी पुस्तक आहे. ठामपणे दिलेलं चुकीचं उत्तर जिथे येईल, तो शब्द बदला.